शीलामावशी लायडनला जाऊन आली

शीलामावशी एकटी कधीच कुठे गेली नव्हती. घरापासून हॉस्पिटल, हॉस्पिटलपासून किराण्याचं दुकान, आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ज्यांच्याकडे बुद्धवंदना असेल त्यांचं घर. अमेरिकेत, ॲन आर्बरमधल्या सत्तावीस वर्षांत तिची गाडी एवढ्याच रस्त्यांवरून फिरली. हायवेवर चालवायची तर तिला भीतीच वाटायची. नागपूरला गेली तीही प्रत्येक वेळी नवऱ्याबरोबर, म्हणजे लहूकाकांबरोबर. पासपोर्ट, बोर्डिंग पास सगळं काकांच्या खिशात, आणि ही मागे बॅग ओढत.

त्यामुळे नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी ती मला म्हणाली, "शुक्रवारी मला एअरपोर्टला सोडशील का?" तेव्हा मी विचारलं, "कोण येतंय?"

"कोणी येत नाहीये. मीच चाललेय. लायडनला. रविवारी परत."

मी पोळी लाटत होते. लाटणं थांबलं. "लायडन म्हणजे? युरोपात? दोन दिवसांसाठी?"

"लोक जातात ना विकेंडला," ती म्हणाली आणि भाजी हलवायला लागली. विषय तिथेच संपला.

मी उपासना. अमरावतीहून इथे पीएचडीसाठी आले आणि मावशीच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पहिल्याच आठवड्यात तिने मला 'तुम्ही' म्हणणं बंद करायला लावलं. "मी काय ऑफिसर आहे का?" म्हणाली. हॉस्पिटलात ती रक्त काढायचं काम करायची. पहाटे साडेपाचला ड्युटी, हातात छोटा ट्रे, आणि एकेका खोलीत जाऊन पेशंटना उठवायचं. ज्याची शीर कुणालाच सापडत नाही, दोन-तीन जणांनी सुया टोचून हात निळा केलाय, अशा पेशंटकडे नर्सेस मावशीला बोलवायच्या. ती आधी हात नुसताच आपल्या हातात धरून ठेवायची, मग डोळे बाजूला करून बोटाने चाचपायची. "शीर बघायची नसते, ऐकायची असते," असं मला एकदा म्हणाली होती. घरी मात्र बोलणं कमी. नागपुरात इंदोऱ्याच्या वस्तीत वाढलेली, घरातली पहिली बीएस्सी झालेली मुलगी. त्याचंही कौतुक तिने स्वतःहून कधी केलं नाही. मला ते दुसऱ्यांकडून कळलं.

लायडनला तिचा मुलगा होता. प्रितम. इथेच जन्मला, इथेच शिकला, आणि डॉक्टरेट करायला तिकडे गेला. मी राहायला आले तेव्हापासून त्याचा फोन आल्याचं मी एकदाही ऐकलं नव्हतं. हॉलमध्ये त्याचा ग्रॅज्युएशनचा फोटो होता, शेजारी लहूकाकांचा. मावशी दोन्ही फोटो एकाच फडक्याने पुसायची. मी कधी काही विचारलं नाही. वंदनेला जमणाऱ्या मंडळातल्या बायकांनी मात्र मला केव्हाच सांगून टाकलं होतं.

गोष्ट अशी होती. त्याच्या तीन वर्षं आधी सप्टेंबरमध्ये लहूकाकांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. काका सीटबेल्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी तपासायचे. शांत माणूस, पण एकदा बोलले की शब्द मागे नाही. प्रितमला तिकडे जाऊन जेमतेम महिना झाला होता. काका म्हणाले, पोराला आत्ता सांगायचं नाही. ख्रिसमसला येईल तेव्हा मी स्वतः सांगीन. डॉक्टरांनी वसंतापर्यंतचा अंदाज दिला होता, त्यामुळे मावशीनेही मान्य केलं. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. त्याआधी काका दाढी करायचे, जाड स्वेटर चढवायचे, खिडकीकडे तोंड करून बसायचे. मावशी फोन अशा बेताने धरायची की खांद्याच्या वरचंच दिसेल. एका रविवारी प्रितमने विचारलं, "बाबा इतके थिन का दिसतायत?" मावशी म्हणाली, "शुगर वाढली होती ना, डाएट चालू आहे. बरंच झालं की."

नोव्हेंबरच्या अखेरीस काका गेले. प्रितम तिसऱ्या दिवशी पोचला. भन्तेंनी परित्राण पाठ म्हटला, पुण्यानुमोदनाला साठेक माणसं आली, प्रितमने सगळ्यांना खुर्च्या लावून दिल्या, जेवण वाढलं. आईशी एक अक्षर बोलला नाही. जाताना दारात एवढंच म्हणाला, "मी तुला विचारलं होतं, आई. आय आस्क्ड यू." पुढे काही दिवस मेसेज आले, मग वाढदिवसाला नुसता अंगठा, मग तोही बंद.

हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणून शुक्रवारी तिला डेट्रॉइट विमानतळावर सोडताना मी गृहीत धरलं की आईच्या जिवाला राहवलं नसेल. तिच्याजवळ एक छोटी बॅग, प्रितमच्या आवडीच्या शेवेचं पाकीट, आणि छातीशी धरलेली एक प्लॅस्टिकची फाइल होती. फाइलमध्ये तिकिटं असतील असं मला वाटलं.

"त्याला माहीत आहे ना तू येतेयस ते?"

"ईमेल केलाय. लिहिलंय की भेटायचं नसेल तर 'नो' लिही."

"मग?"

"काहीच लिहिलं नाही त्याने," ती म्हणाली. "म्हणजे 'नो' पण नाही लिहिलं."

पुढचं काही तिने मला रविवारी परत येताना गाडीत सांगितलं, काही नंतर हिवाळ्यात सांगितलं, आणि काही प्रितमकडून कळलं.

शनिवारी सकाळी ती ॲमस्टरडॅमला उतरली आणि ट्रेनने वीसेक मिनिटांत लायडनला पोचली. पाऊस होता. मोठा नाही, पण छत्री आडवी करणाऱ्या वाऱ्यासोबतचा. स्टेशनबाहेर हजारो सायकली ओल्या उभ्या होत्या. हॉटेलवाल्याने बॅग ठेवून घेतली आणि खोली तीननंतर मिळेल म्हणून सांगितलं. प्रितमचा पत्ता तिच्याकडे होता. पहिल्या वर्षी तिने पाठवलेल्या पार्सलची पावती तिने जपून ठेवली होती. तेवढ्यावर ती निघाली.

रस्ता कालव्याच्या काठाने होता आणि काठावर शनिवारचा बाजार भरला होता. मासे, चीज, फुलं, तळणाचा वास. माणसं पावसाला न जुमानता पिशव्या भरत होती. एका दुकानदाराने तिला चीजचा तुकडा चाखायला दिला. तिने तो घेतला, थँक्यू म्हणाली, आणि पुढे जाऊन तसाच रुमालात गुंडाळून ठेवला. दोनदा रस्ता चुकली. पूल सगळे सारखे, पाणी सारखं, घरं एकमेकांना चिकटलेली. एका म्हाताऱ्या बाईने पावतीवरचा पत्ता वाचून तिला कोपऱ्यापर्यंत आणून सोडलं.

दारावर चार बेल होत्या, प्रत्येकीखाली नावाची पट्टी. त्यांत त्यांचं आडनाव, गजभिये, कुठेच नव्हतं. तिने पावतीवरचा नंबर पाहून दुसरी बेल दाबली. बऱ्याच वेळाने एक उंच मुलगी खाली आली, केस ओले, पायात लोकरीचे मोजे.

"प्रितम? तो जुलैमध्येच इथून गेला," मुलगी इंग्रजीत म्हणाली. "तुम्ही कोण?"

"त्याची आई."

मुलीने दार पूर्ण उघडलं. "सॉरी," ती म्हणाली, "मला वाटलं होतं त्याचे आईवडील दोघंही..." आणि वाक्य तिने तिथेच सोडलं.

मावशी मला हे सांगत होती तेव्हा आमची गाडी सिग्नलला थांबलेली होती. "मी तिला म्हटलं, वडील गेले, मी आहे अजून. बिचारीला काय करावं सुचेना. वर घेऊन गेली, चहा केला. दूध नसलेला. तिनेच त्याला फोन लावला."

त्या मुलीने डच भाषेत काहीतरी बोलून फोन ठेवला आणि सांगितलं, दोन वाजता, मोठ्या चर्चच्या मागच्या कॅफेत. मावशी साडेबाराला तिथे जाऊन बसली.

प्रितम दोनला पाच मिनिटं कमी असताना आला. त्याने दाढी वाढवली होती. कपाळ लहूकाकांचं. मावशी उठून उभी राहिली, पण त्याने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि तो समोर बसला, म्हणून तीही बसली. शेवेचं पाकीट तिने टेबलावर ठेवलं होतं. ते त्याने बघितलं, हात लावला नाही.

"व्हाय आर यू हिअर, आई?" तो म्हणाला. "कोण आजारी आहे?"

विमानात तिने वाक्यं जुळवून ठेवली होती. आधी त्याची तब्येत, मग काम, मग हळूहळू. त्यातलं एकही आठवलं नाही.

"मी," ती म्हणाली.

तिला स्तनाचा कॅन्सर निघाला होता. तिसरी स्टेज, काखेतल्या गाठींपर्यंत गेलेला. ज्या हॉस्पिटलात ती रोज दुसऱ्यांच्या नळ्या भरून लॅबमध्ये पाठवायची, तिथेच तिची तपासणी झाली होती. मी एकाच घरात राहत होते, रोज तिच्यासमोर जेवत होते, आणि मला पत्ता नव्हता. पुढच्या गुरुवारी केमोसाठी छातीत पोर्ट, म्हणजे औषध सोडायची नळी, बसवायचं होतं. त्याआधीचा हा एकच विकेंड मोकळा होता.

"सिन्स व्हेन?" प्रितमने विचारलं.

"रिपोर्ट येऊन अकरा दिवस झाले."

"इलेव्हन डेज." त्याचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वळवली. "अगेन? अकरा दिवस तू कोणाला सांगितलं नाहीस? तुझ्याकडे फोन नाही?"

"फोनवर मी तुझ्याशी खोटं बोललेय," मावशी म्हणाली. "आता फोनवर खरं सांगितलं असतं तर ते खरं कशावरून? म्हणून आले. अजून कोणालाच सांगितलं नाहीये. तुलाच पहिलं."

तिने फाइल उघडून रिपोर्ट त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो वाचला नाही. उठला आणि कोट तसाच टाकून पावसात बाहेर गेला. काचेतून ती बघत राहिली. तो चर्चच्या भिंतीला लागून डावीकडे गेला आणि दिसेनासा झाला. कॅफेतली मुलगी येऊन काही हवंय का विचारून गेली. नुसतं बसायचं कसं, म्हणून मावशीने सूप मागवलं. तिचं सगळं लक्ष त्या कोटाकडे होतं. कोट इथे आहे म्हणजे येईल, असं ती स्वतःला सांगत होती.

वीस मिनिटांनी तो आला. शर्ट अंगाला चिकटला होता. बसला, रिपोर्ट ओढून घेतला आणि एकेक ओळ वाचायला लागला. मग प्रश्न. किती गाठी, कुठला प्रकार, हाडांचा स्कॅन झाला का, केमो किती वेळा, ऑपरेशन कधी. ती दर प्रश्नाला हॉस्पिटलातल्यासारखं नेमकं उत्तर देत गेली. जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणाली. तिला त्यातल्या त्यात ते सोपं गेलं.

प्रश्न संपल्यावर त्याने रिपोर्ट परत फाइलमध्ये ठेवला. मग मराठीत म्हणाला, "तू घाबरलीस?"

"हो."

"बाबा घाबरले होते?"

हे कोणीच तिला कधी विचारलं नव्हतं. "शेवटचे आठ-दहा दिवस खूप," ती म्हणाली. "तुझं नाव घ्यायचे. मी म्हणायची, लावू का त्याला फोन? तर माझा हात धरायचे आणि फोन खाली ठेवायला लावायचे."

"आणि तू ठेवलास."

"ठेवला."

"यू शुडंट हॅव."

"नव्हता ठेवायला पाहिजे," मावशी म्हणाली. "त्यांचं ऐकलं, चुकलं माझं. तो हक्क तुझा होता."

तीन वर्षांत हे वाक्य तिने मनात किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. ते बोलल्यावर काहीतरी सुटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. प्रितमने तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मी आज तुझ्याशी चांगलं नाही वागू शकत, आई. मला जमत नाहीये. आय थॉट आय वॉज डन विथ ऑल धिस. झोप लागायला लागली होती मला."

"नको वागूस," ती म्हणाली. "मी त्यासाठी नाही आले."

त्याने तिला हॉटेलपर्यंत सोडलं. वाटेत एका पुलावर वारा इतका होता की तिची छत्री उलटली, तेव्हा त्याने ती हातातून घेतली, सरळ केली आणि परत दिली. हॉटेलच्या दारात तो म्हणाला, "सकाळी नऊला येतो. स्टेशनला सोडतो." शेवेचं पाकीट त्याच्या कोटाच्या खिशात होतं. ते तिने पाहिलं.

संध्याकाळी ती बाहेर पडली नाही. पाचलाच अंधार झाला. खिडकीखाली कालवा होता आणि समोरच्या घरात एक कुटुंब टेबलाभोवती जेवत होतं. तिथे लोक पडदे लावत नाहीत. तिने रुमालातला चीजचा तुकडा आणि विमानातला ब्रेड खाल्ला आणि त्या माणसांचं जेवण संपेपर्यंत बघत बसली.

सकाळी साडेआठलाच ती बॅग घेऊन खाली आली. नऊ झाले, सव्वानऊ झाले. नऊ वीसला मेसेज आला. "कान्ट. सॉरी. सेफ फ्लाइट." हॉटेलवाल्याने विचारलं, टॅक्सी बोलवू का? ती नको म्हणाली. बॅगेची चाकं दगडी रस्त्यावर खडखडत ती चालत स्टेशनला गेली. रविवारची सकाळ, रस्ते रिकामे, पाऊस थांबलेला, पण आभाळ तसंच. स्टेशनवर तिने दोन ट्रेन जाऊ दिल्या. तिसरीत बसली.

डेट्रॉइटला ती बाहेर आली तेव्हा मी हसत हात हलवला. गाडीत बसल्यावर विचारलं, "मग? कसं आहे लायडन?"

"ओलं," ती म्हणाली. आणि मग सगळं सांगितलं. आजाराचंही तेव्हाच. मला गाडी एका पेट्रोल पंपावर थांबवावी लागली. मला रडू आवरेना आणि तीच माझी पाठ थोपटत होती.

"त्याने यायला पाहिजे होतं," मी म्हटलं. "निदान स्टेशनवर."

"उपासना, त्याच्याबद्दल वाईट नको बोलू," ती म्हणाली. "मी त्याचे बाबा त्याच्यापासून लपवले. तो एका सकाळी नाही आला."

डिसेंबर-जानेवारी केमोत गेले. बर्फ इतका की मला पहाटे उठून आधी ड्राइव्हवे साफ करावा लागायचा, मग गाडी काढायची. तिचे केस गेले, जिभेची चव गेली. रक्त काढायला तिच्याच हाताखाली शिकलेली एक मुलगी यायची आणि तिला सुई टोचायचा धीर व्हायचा नाही. "घाबरू नको, डोळे बाजूला कर," मावशी तिला सांगायची. प्रितमचा काही पत्ता नव्हता. मावशी मात्र दर बुधवारी त्याला मेसेज करायची. कौतुक नाही, गाऱ्हाणं नाही. पांढऱ्या पेशी इतक्या, ताप इतका, आज उलट्या झाल्या, आज झाल्या नाहीत. तो मेसेज वाचायचा, एवढं फोनवर दिसायचं.

फेब्रुवारीत तो न सांगता आला. मी दार उघडलं तर बाहेर उभा, बुटांवर बर्फ. नऊ दिवस राहिला. त्याला वरणभात येत होता, तो तिने खाल्ला. कपाट आवरताना लहूकाकांच्या स्वेटरवरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. त्याला तो जाड स्वेटर फेकून द्यायचा होता, तिला नाही. आवाज वर माझ्या खोलीपर्यंत येत होता. त्यानंतर दोन दिवस दोघं माझ्यामार्फत बोलले. "आईला सांग गोळी घे." "त्याला सांग घेतली." केमोच्या दिवशी मात्र तो सहा तास तिच्या खुर्चीशेजारी बसून होता.

जायच्या दिवशी मीच त्याला एअरपोर्टला सोडलं. न राहवून म्हटलं, "तू आलास, तिला फार बरं वाटलं. निवळलं ना आता तुमचं?"

"नो," तो म्हणाला. "मी तिला माफ नाही केलं. मला ते करताच येत नाहीये, आय ट्राइड. शी टोल्ड मी, म्हणून आलो." थोड्या वेळाने म्हणाला, "लायडनला त्या सकाळी मी स्टेशनवर होतो. लांब, सायकलींच्या तिथे. तिने दोन ट्रेन सोडल्या. मला जाता नाही आलं तिच्याकडे."

हे मी मावशीला सांगायचं की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. शेवटी सांगितलं. ती भाजी निवडत होती. "दोन ट्रेन," ती म्हणाली, "त्याने मोजल्या." आणि उठून आत गेली.

मे महिन्यात ऑपरेशन झालं. वर्षभर बरं गेलं. ती परत ड्युटीवर गेली, अर्ध्या वेळेची का होईना. या वर्षी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात तिने पन्नास माणसांचा भात केला आणि संध्याकाळी तिला पाठीत कळ आली. स्कॅनमध्ये यकृतावर डाग दिसले. आता तिने काम सोडलंय. मीही रेडमंडला मिळालेल्या नोकरीचं जॉइनिंग पुढे ढकललंय.

प्रितमचा फोन रविवारी अकराला येतो. पाच-सात मिनिटं. बहुतेक सगळे आकडेच. एखाद्या रविवारी येत नाही, त्याबद्दल ती काही म्हणत नाही. जुलै अखेरीस तो येणार आहे, थीसिस जमा करून. डॉक्टर जुलै अखेरीबद्दल काही बोलायला तयार नाहीत. तेही तिने त्याला सांगितलंय.